अल्माचं म्हणणं कुणी ऐकलं?

(‘तरुण मुलं, माध्यमं आणि हिंसा’ या विषयावरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय आहे कॉम्प्युटरवरचे हिंसक खेळ. सकाळच्या चर्चेत आपल्यापैकी बऱ्याच जणींनी या खेळांवर सरसकट बंदी घालावी आणि तसं निवेदन आपण द्यावं, असं मांडलं. त्यामागची काळजी मला पूर्ण मान्य आहे. ज्या आईचा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पडद्यासमोर बसून गोळ्या झाडत असतो, तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की काही काळजी करू नका? पण निवेदन लिहायला बसण्याआधी एक साधी गोष्ट करायला हवी असं मला वाटतं. जी मुलं-मुली हे खेळ खेळतात त्यांना विचारायला हवं, की यात तुम्हाला काय दिसतं? काय आवडतं? काय खटकतं? दारू पिणाऱ्या नवऱ्यांबद्दल बोलताना आपण गुत्ता कुठं आहे, पैसे कुठून येतात, सगळं खणून काढतो. खेळांबद्दल मात्र आपण दार बंद असलेल्या खोलीबाहेर उभं राहून बोलतो.

म्हणून आज मी एकाच खेळाबद्दल, आणि मुख्यतः तो खेळणाऱ्यांच्या मतांबद्दल बोलणार आहे. खेळाचं नाव आहे ‘फिअर’, म्हणजे भीती. ही खरं तर खेळातल्या एका सैनिकी पथकाच्या नावाची आद्याक्षरं आहेत, पण नाव मुद्दाम तसं जुळवलेलं आहे. अमेरिकेतल्या मोनोलिथ प्रॉडक्शन्स या कंपनीनं तो २००५ साली बाजारात आणला. ही कंपनी २०२५ मध्ये बंद झाली, पण खेळ अजून खेळला जातो. जुन्या कॉम्प्युटरवरही तो चालतो, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या मुलांपर्यंतही तो पोचला आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. याला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. सिनेमात आपण नायकाला बाहेरून बघतो. इथं आपणच नायक असतो, म्हणून पडद्यावर नायकाचं तोंड दिसत नाही. दिसतात ते आपले दोन हात आणि हातातली बंदूक. जिकडं आपण वळू तिकडं जग वळतं. या प्रकाराला घराघरात नेलं ते १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळानं, आणि त्यातही नरकातले राक्षस होतेच. म्हणजे भय आणि बंदूक यांची जोडी पहिल्यापासूनची आहे. ‘फिअर’नं त्यात भर घातली ती एका मुलीची. लाल फ्रॉक, तोंडावर आलेले काळे केस, आठेक वर्षांचं वय. तिचं नाव अल्मा.

आता खेळणाऱ्यांची मतं. जगभरच्या खेळाडूंनी आणि समीक्षकांनी या खेळाबद्दल जे लिहिलं-बोललं त्यात तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली, शत्रूच्या सैनिकांची हुशारी. ते नुसते समोर येऊन मरत नाहीत. एकमेकांना ओरडून सूचना देतात, टेबल आडवं पाडून त्याच्या आड लपतात, मागून येऊन घेरतात. ही किमया ज्यानं घडवली त्या जेफ ऑर्किन या प्रोग्रामरनं २००६ साली खेळ बनवणाऱ्यांच्या मोठ्या परिषदेत तिचं तंत्र मांडलं, आणि त्या मांडणीचा दाखला अजूनही दिला जातो. दुसरी गोष्ट, एक बटण दाबलं की काळ संथ होतो आणि गोळ्या हवेतून जाताना दिसतात. तिसरी, एक तक्रार. तीच ती ऑफिसं, तेच ते बोळ, तीच ती गोदामं, बघून कंटाळा येतो. आणि चौथी गोष्ट, अल्मा. ती कधी दिसेल याचा नेम नाही. एका ठिकाणी शिडीवरून खाली उतरण्यासाठी खेळणाऱ्याला मागं वळावं लागतं. वळलं की ती समोर उभी असते. बस्स, एवढंच. पण हा प्रसंग इतकी वर्षं होऊनही लोक विसरलेले नाहीत.

आमच्या युवा गटातल्या दहा-बारा जणांशी मी यावर बोलले. हा काही अभ्यास नाही, गप्पाच होत्या. तिथंही हीच मतं ऐकू आली. बी.कॉम.ला असलेला एक मुलगा म्हणाला, “ताई, सैनिक शंभर येऊ देत, टेन्शन नाही. पण लाइट लुकलुकायला लागला ना, की माऊस धरलेला हात थरथरतो.” दुसरा म्हणाला, “सैनिकाला मारता येतं ताई. तिला मारता येत नाही.” हे वाक्य मी लिहून ठेवलं. बंदूक हातात असलेल्या माणसाला भीती कशाची वाटते, तर जिच्यावर बंदूक चालत नाही तिची.

मग मी विचारलं, “ही अल्मा आहे कोण?”

गप्प. एक म्हणाला, “भूत आहे.” दुसरा म्हणाला, “काहीतरी प्रयोग-बियोग असतो. स्टोरी आम्ही स्किप करतो, ताई.”

तेव्हा मी ठरवलं की आपणच खेळून बघायचं. माझा नेम पहिले दोन दिवस छतालाच लागत होता आणि मुलांची चांगली करमणूक झाली. पण त्यांच्या मदतीनं मी खेळ शेवटापर्यंत नेला. त्यात मला जे सापडलं ते आता सांगते. ऐकताना तो खेळ आहे हे थोडा वेळ विसरा, आणि आपल्या केंद्रावर आलेली एखादी केस ऐकतो आहोत असं समजा.

अल्मा वेड ही हार्लन वेड नावाच्या शास्त्रज्ञाची मुलगी. तो आर्माकम नावाच्या बड्या कंपनीत काम करतो. मुलीच्या मनात काही विलक्षण शक्ती आहे, दुसऱ्याच्या मनातलं तिला कळतं, हे बापाच्या लक्षात येतं. कंपनीला सैनिकांच्या फौजेला नुसत्या मनानं हुकूम देऊ शकेल असा सेनापती हवा असतो. बाप स्वतःची मुलगी प्रयोगाला देतो. आठ वर्षांची असताना तिला औषधांनी बेशुद्ध करून एका तिजोरीसारख्या खोलीत बंद केलं जातं. पंधरा-सोळाव्या वर्षी, तशाच बेशुद्ध अवस्थेत, तिच्यावर दोनदा गर्भारपण लादलं जातं. दोन मुलगे होतात. दोन्ही मुलं तिच्यापासून काढून घेतली जातात. पुढं तिची शक्ती आपल्याला आवरणार नाही असं वाटल्यावर कंपनी तिला जिवंत ठेवणारी यंत्रं बंद करते. सहा दिवसांनी ती मरते. त्या वेळी ती सव्वीस वर्षांची असते, आणि त्यातली अठरा वर्षं तिनं त्या खोलीत काढलेली असतात.

आणि ज्याच्या डोळ्यांनी आपण सगळा खेळ बघतो, तो बंदूकधारी नायक कोण? तिच्या दोन मुलांपैकी थोरला. हे त्याला आणि आपल्याला अगदी शेवटी कळतं. धाकट्याला, पॅक्स्टन फेटेलला, मारायला तर त्याला पाठवलेलंच असतं. म्हणजे कंपनीनं आईला कोंडलं, आणि मग तिचाच एक मुलगा दुसऱ्याविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिला. कंपनीची अध्यक्ष एक बाई आहे, जेनेव्हिव्ह अॅरिस्टाइड. सगळं दडपण्याच्या कामात ती पुढं असते. खुर्चीवर बाई बसली की खुर्ची बदलते असं नाही, हे आपण पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत पाहिलेलं आहे. ते इथंही आहे.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी हकीकत खेळात सरळ सांगितलेली नाही. ती ऑफिसांतल्या टेलिफोनांवर ठेवलेल्या निरोपांत आहे, टेबलांवर पडलेल्या लॅपटॉपमध्ये आहे. फोनचा दिवा लुकलुकत असतो. थांबून बटण दाबलं तर निरोप ऐकू येतो, नाही दाबलं तरी काही अडत नाही. गुण कमी होत नाहीत, दार बंद राहत नाही. अल्माची गोष्ट न ऐकता खेळ पुरा करता येतो. आणि त्या निरोपांत बोलतं कोण? कंपनीचे कर्मचारी, अधिकारी, बाप. अल्मा स्वतः फार थोडं बोलते. तिच्याबद्दल जे काही कळतं ते ज्यांनी तिचं हे केलं त्यांच्याच तोंडून.

आमच्या गटातल्या एकाच मुलीनं सगळे निरोप ऐकले होते. ती कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. हसत म्हणाली, “दिवसभर लोकांचे फोनच ऐकते ना ताई, सवय झालीय. दिवा लुकलुकला की उचलावासा वाटतो.” मग जरा थांबून म्हणाली, “ही पोरं म्हणतात अल्माची भीती वाटते. मला तिच्या बापाचा आवाज ऐकला की भीती वाटते. किती शांतपणे बोलतो तो!”

मैत्रिणींनो, एकच खेळ. दहा जणांना त्यात एक भयंकर बाई दिसली. एकीला एक भयंकर बाप दिसला. खेळ तोच होता. फरक पडला तो थांबून ऐकण्याचा.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. “आमच्या गावाला हडळ सांगतात, ही तशीच आहे. फक्त फ्रॉक लाल आहे.” मला ते अगदी पटलं. आपल्याकडं हडळ कोण होते? बाळंतपणात किंवा पोटुशी असताना जी मरते ती. तिनं परत येऊ नये म्हणून तिच्या अंत्ययात्रेच्या वाटेवर राळे टाकण्याची रीत काही भागांत होती. बाई बाळंतपणात मरू नये यासाठी जेवढी धडपड व्हायला हवी होती ती झाली नाही, मेलेली परत येऊ नये यासाठी मात्र बंदोबस्त चोख. जपानमध्येही अशाच कथा आहेत. ओकिकू नावाच्या मोलकरणीला मालकानं मारून विहिरीत टाकलं आणि ती रात्री विहिरीतून ताटल्या मोजत राहिली, अशी तिथली जुनी दंतकथा आहे. हिदेओ नाकाता या दिग्दर्शकाच्या १९९८ सालच्या ‘रिंग’ या जपानी चित्रपटातली सादाको हीसुद्धा बापानं विहिरीत ढकललेली मुलगी. ‘फिअर’ बनवणाऱ्यांवर या जपानी भयपटांचा प्रभाव होता, आणि तो त्यांनी मान्य केलेला आहे. अमेरिका, जपान, आमच्या कार्यकर्तीचं सातारा जिल्ह्यातलं गाव, सगळीकडं भुताची गोष्ट खोदत गेलं की खाली एक मारलेली बाई सापडते. आणि सगळीकडं गोष्ट सुरू होते ती मात्र ती परत आल्यापासून. भीती आपल्याला तिची वाटायला लावतात, मारणाऱ्याची नाही.

हे आपल्या कामाशी कसं जुळतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. केंद्रावर बाई येते ती केव्हा? बहुतेक वेळा सगळं हाताबाहेर गेल्यावर. ती किंचाळते, वस्तू फेकते, सासूच्या अंगावर धावून जाते. शेजारी सांगतात, डोक्यावर परिणाम झालाय. घरचे सांगतात, बाहेरचं काही असेल, अंगात येतं. तिचा राग सगळ्या आळीला दिसतो. त्यामागचं कारण मात्र कुठल्या तरी कोपऱ्यात लुकलुकत असतं, आणि कुणी थांबून बटण दाबत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारहाण करणं आता गुन्हा आहे. पण ‘हिला लागलंय’ असं म्हणून तिचं बोलणं उडवून लावणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. ते काम आपलं आहे.

आता या खेळाचे पुढचे भाग. दुसरा भाग २००९ साली आला, तिसरा २०११ साली, आणि तिसरा दुसऱ्याच कंपनीनं बनवला. खेळणाऱ्यांचं सर्वसाधारण मत असं की पहिल्याइतकी भीती पुढं राहिली नाही, मारामारी वाढली. ते असेलही. मला त्यात वेगळं काही दिसलं.

दुसऱ्या भागात आपल्याला एका शाळेत जावं लागतं. कंपनीनं ती शाळा आपल्या प्रयोगांना मुलं मिळावीत म्हणून चालवलेली असते. लहान बाकं, भिंतींवर मुलांची चित्रं, आणि खाली प्रयोगशाळा. हा भाग आमच्या मुलांनाही अंगावर आलेला होता. ज्यानं स्टोरी स्किप करतो म्हणून सांगितलं होतं तोही म्हणाला, “शाळा बघून कसंतरी झालं.” म्हणजे दाखवलं तर दिसतं. पण त्याच भागाचा शेवट असा आहे की अल्मा, आता मोठ्या बाईच्या रूपात, बेकेट नावाच्या सैनिकावर लैंगिक जबरदस्ती करते आणि तिला दिवस जातात. यावर मुलं हसली. “नशीबवान आहे,” असं एक जण म्हणाला. तिच्या उघड्या अंगावरून जे विनोद झाले ते मी इथं सांगत नाही. तुम्ही कल्पना करू शकता.

त्या हसण्यावर मी त्यांना थांबवलं. विचारलं, बांधून ठेवलेल्या माणसाच्या मनाविरुद्ध हे झालं, तो सुटायला धडपडत होता, मग नशीब कसलं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यांत गप्प असणारा एक मुलगा म्हणाला, “मुलाबरोबर असं झालं तर तो सांगूच शकत नाही ताई. सगळे असेच हसतात.” त्यापुढं मी त्याला तिथं काही विचारलं नाही. नंतर तो एकटा येऊन बोलला. ते मी इथं बोलणार नाही. पण हे लक्षात घ्या की अठरा वर्षांखालचं मूल मुलगा असो की मुलगी, २०१२ चा पॉक्सो कायदा दोघांनाही सारखं संरक्षण देतो. मोठ्या पुरुषाला मात्र २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येत जागा नाही. एका हिंसक खेळावरच्या गप्पांतून ही गोष्ट बाहेर आली. तो खेळ आपण आधीच जप्त केला असता तर ती आली नसती.

लेखकांनी अल्माचं काय केलं तेही पाहा. पहिल्या भागात तिच्यावर गर्भारपण लादलं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी ती पुन्हा पोटुशी. तिसऱ्या भागात तर तिच्या बाळंतपणाच्या कळांनी शहर हादरतं, आणि तिचे दोन मुलगे ठरवतात की बाळाचं काय करायचं. तो दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. दोन भाऊ, दोन खेळाडू, आणि आई म्हणजे पोचायचं ठिकाण. एका शेवटात ती नाहीशी होते, दुसऱ्यात धाकटा मुलगा तिला गिळंकृत करतो. तिच्यावर अन्याय झाला हे ज्या गोष्टीत सांगायचं होतं, त्याच गोष्टीनं अखेर तिचं गर्भाशय केलं. ‘दुसरा भाग कमी भीतिदायक झाला’ असं खेळणारे म्हणतात तेव्हा कदाचित त्यांनाही न कळत हेच जाणवत असेल, की एका मुलीची गोष्ट हरवली आणि नुसता एक बागुलबुवा उरला.

याच मोनोलिथ कंपनीनं २००० साली ‘नो वन लिव्ज फॉरेव्हर’ नावाचा खेळ काढला होता. त्यात केट आर्चर नावाची गुप्तहेर बाई नायिका आहे. काळ १९६० च्या दशकातला. बाईला हे काम झेपेल का, असं तिचे वरिष्ठ सारखे म्हणत असतात आणि ती त्यांना पुरून उरते. म्हणजे त्यांना बाईची गोष्ट बाईच्या बाजूनं सांगता येत होती. बंदूक हातात घेतली की बाई माणूस होऊ शकते. दुखावलेली, कोंडलेली, बोलू न शकणारी बाई मात्र भूतच होते. हा प्रश्न एका कंपनीचा नाही, सगळ्या समाजाच्या कल्पनाशक्तीचा आहे.

आमच्या गप्पांत बी.कॉम.वाल्या मुलानं एक चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, “मान्य, ताई, तिच्यावर अन्याय झाला. पण तिनं शहरातले निरपराध लोकही मारले. त्याचं काय?” मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कॉल सेंटरवाली मुलगी म्हणाली, “बापानं शेवटी पश्चात्ताप होऊन दार उघडलं, तर तिनं त्यालाच आधी संपवलं. ते बरोबर झालं.” मुलगा म्हणाला, “पण बाकीच्यांनी काय केलं होतं?” तासभर वाद चालला. मला त्या वादातून जे सुचलं ते असं.

या गोष्टीत अल्मापुढं दोनच वाटा ठेवल्या आहेत. एक तर तिजोरीत पडून राहायचं, नाही तर मरून, भूत होऊन सगळ्यांचा सूड घ्यायचा. तिसरी वाटच नाही. जिवंतपणी बोलायची सोय नाही, तिचं ऐकून घेणारं कुणी नाही, बापाला जाब विचारणारी जागा नाही. आपल्या हडळीलाही हीच एक वाट दिलेली आहे. सगळ्या भुतांच्या गोष्टी बाईला सांगतात, की तुला शक्ती मिळेल, पण मेल्यावर. त्या ऐकताना आपल्यालाही आतून थोडं बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण त्या समाधानात एक धोका आहे. सूड झाला की न्याय झाला असं वाटतं, आणि जिवंत मुलगी तशीच राहते.

तिसरी वाट म्हणजे आपण करतो ते काम. पॉक्सो कायद्यात लिहिलं आहे, की मुलाचा जबाब त्याच्या राहत्या घरी किंवा ते सांगेल त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला पोलिस अधिकाऱ्यानं घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, आणि मूल जसं बोलेल तसाच तो उतरवून घ्यावा. ही तरतूद किती ठिकाणी पाळली जाते हे आपल्याला माहीत आहे, आणि म्हणून तर आपण पोलिस ठाण्याच्या बाकावर तासन् तास बसतो. पण त्या तरतुदीमागचा विचार बघा. मुलीची गोष्ट मुलीच्या शब्दांत. बापाच्या नाही, डॉक्टरच्या नाही, संस्थेच्या नाही, आणि आपल्याही नाही. अल्माला हे मिळालं असतं तर खेळ बनलाच नसता, असं मी मुलांना म्हटलं. त्यावर एक जण म्हणाला, “मग असा गेम बनवा ना ताई, ज्यात फोन उचलल्याशिवाय दारच उघडत नाही.” मला तर तो प्रस्ताव आपल्या निवेदनापेक्षा बरा वाटला.

आता बंदीबद्दल. २०१९ साली राजकोटमध्ये पबजी खेळल्याबद्दल पोलिसांनी कॉलेजच्या पोरांना अटक केली. त्यानं एकाही घरातलं भांडण मिटलं नसेल. २०२० साली पबजीवर देशभर बंदी आली, पण ती देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी या कारणांनी, हिंसेच्या नाही. पुढच्याच वर्षी तोच खेळ वेगळ्या नावानं परत आला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं हिंसक खेळ लहान मुलांना विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. तो २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. असे खेळ खेळल्यानं माणूस हिंसाचारी होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० साली सांगितलं. आरडाओरड, ढकलाढकली यांसारख्या आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, एवढं त्यांनी मान्य केलं. म्हणजे काळजी करायला जागा आहे, पण मुलगा बायकोला मारतो याचं खापर खेळावर फोडून मोकळं होता येणार नाही. बायकांना मारणं कॉम्प्युटर येण्याच्या फार आधीपासून चालू आहे.

यात दुसरीही बाजू आहे. या खेळांमध्ये बायकांचं चित्रण कसं होतं असा प्रश्न विचारणाऱ्या अनिता सार्कीशियन या समीक्षक बाईंना २०१४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठातलं आपलं भाषण रद्द करावं लागलं, कारण ते झालं तर कत्तल करू अशी धमकी आली होती आणि तिथल्या कायद्यामुळे सभागृहात बंदुका आणायला मनाई करता येत नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प करणारेही काही खेळाडूच होते. तेव्हा खेळणाऱ्यांशी बोला असं मी म्हणते ते सगळे गुणी आहेत म्हणून नव्हे. आपण बोललो नाही तर त्यांच्याशी दुसरं कुणीतरी बोलतच असतं, म्हणून.

माझ्या सूचना अशा. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या पाच-सहा मुलामुलींना बसवून, ते जो खेळ खेळतात तो त्यांच्याबरोबर तासभर बघावा. जमल्यास खेळावा. हसू होईल, होऊ द्यावं. उपदेश करू नये. मग चार प्रश्न विचारावेत. या गोष्टीत तुम्हाला भीती कुणाची वाटते? भीती कुणाची वाटायला हवी होती? ज्याला किंवा जिला त्रास झाला तिची बाजू कोण सांगतं? आणि तिसरी वाट असती तर ती कोणती? चर्चा झाली की मुलांच्याच शब्दांत लिहून ठेवावं आणि पुढच्या बैठकीला आणावं. बोलता बोलता एखादं मूल स्वतःबद्दल काही सांगायला लागलं तर गट तिथंच थांबवून त्याच्याशी वेगळं, एकांतात बोलण्याची तयारी आधीपासून ठेवावी. हे फार महत्त्वाचं आहे. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पॉक्सोखाली कळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, तीही आधी समजून घेऊन जावं.

आणि मुली येत नाहीत, मुलीच खेळत नाहीत, असं म्हणून फक्त मुलांना बसवू नका. मुली खेळतात. आमच्याकडं त्या लुकलुकणाऱ्या फोनचं बटण एका मुलीनंच दाबलं होतं.

निवेदन द्यायचं की नाही हे या बैठकांनंतर ठरवू. द्यायचं ठरलं तर निदान कशाविरुद्ध देतो आहोत ते आपल्याला माहीत असेल. एवढं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.